रोमन चांदीचं नाणं हातात आलं, आता वाचायचं कसं?

रोमन नाणं ओळखायचं असेल तर चेहरा शेवटी पाहा. नाण्यावर सगळ्यात मोठं चित्र चेहऱ्याचंच असतं, त्यामुळे हा सल्ला उलटा वाटेल. पण नव्या माणसाचा घोटाळा नेमका तिथेच होतो. दाढी दिसली की मार्कस ऑरेलियस, दाढी नसली की ऑगस्टस, असं ठरवून तो मोकळा होतो. हेड्रियनपासून पुढे दाढीवाल्या सम्राटांची रांगच लागली. शिवाय ठसा कोरणाऱ्या दोन कारागिरांच्या हातून एकाच माणसाचे दोन वेगळे चेहरे उतरलेले दिसतात. म्हणून आधी वजन, मग अक्षरं, मग मागच्या बाजूच्या आकृतीच्या हातातल्या वस्तू आणि सरतेशेवटी चेहरा, असा क्रम ठेवावा.

हा लेख मुख्यतः दिनारियस या चांदीच्या नाण्याबद्दल आहे. साडेचारशे वर्षांहून अधिक काळ हे नाणं चालत राहिलं आणि रोमनांनी आपल्याबद्दल जगाला जे सांगायचं होतं ते बहुतेक सगळं त्यावर कोरून ठेवलं.

पहिली पायरी: काटा आणि भिंग

0.01 ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा डिजिटल काटा, दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि प्लॅस्टिकची मोजपट्टी एवढं साहित्य सुरुवातीला पुरतं. धातूची पट्टी नको, ओरखडे पडतात. नाणं नेहमी कडेने धरा आणि खाली मऊ कापड अंथरा.

दिनारियसचा व्यास साधारण 17 ते 20 मिलिमीटर भरतो. वजन मात्र काळानुसार बदलत गेलं, आणि म्हणूनच ते उपयोगी पडतं. कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याशी युद्ध ऐन भरात असताना, इ.स.पू. 211 च्या सुमारास हे नाणं निघालं. तेव्हा एका रोमन पौंड चांदीतून 72 नाणी पाडत, म्हणजे एकेक नाणं साडेचार ग्रॅमच्या आसपास. थोड्याच वर्षांत पौंडाला 84 असा हिशेब ठरला आणि वजन 3.9 ग्रॅमवर आलं. इ.स. 64 मध्ये सम्राट निरोने ते पौंडाला 96 केलं आणि चांदीचा कसही उतरवला. त्यानंतरची नाणी 3.4 ग्रॅम किंवा त्याहून थोडी कमी भरतात. झिजेमुळे आणखी काही घट येते. पण निरोनंतरचा सम्राट ट्राजन याच्या नावाचं नाणं 3.9 ग्रॅम भरलं तर शंका घ्यायलाच हवी.

पुढची घसरण थोडक्यात सांगतो. सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळात (इ.स. 193 ते 211) कस निम्म्याच्या आसपास आला. इ.स. 215 मध्ये कॅराकल्लाने एक नवं, मोठं नाणं काढलं. आज त्याला अँटोनिनियानस म्हणतात. ते दोन दिनारियसांच्या भावाने चालवलं असावं असं मानतात, पण त्यात चांदी होती जेमतेम दीड दिनारियसाची. ओळखायची खूण सोपी आहे: सम्राटाच्या डोक्यावर सूर्यकिरणांसारखे टोकदार काटे असलेला मुकुट, आणि सम्राज्ञी असेल तर तिच्या खांद्यांखाली चंद्रकोर. 260 नंतरच्या दशकात या नाण्यात चांदी पाच टक्क्यांहूनही कमी उरली. ती नाणी हातात घेतली तर तांब्याचीच वाटतात.

दुसरी पायरी: प्रजासत्ताक की साम्राज्य?

नाण्यावर शिरस्त्राण घातलेलं स्त्रीचं डोकं आहे का? मानेमागे फुलीसारखं रोमन दहाचं चिन्ह आहे का? असेल तर ती रोमा, म्हणजे रोम नगरीची देवता, आणि नाणं प्रजासत्ताकाच्या काळातलं. ते दहाचं चिन्ह किंमत सांगतं: काशाची दहा 'अस' नाणी म्हणजे एक दिनारियस. इ.स.पू. 141 च्या सुमारास हा भाव सोळा अस असा झाला. सुरुवातीच्या नाण्यांच्या मागच्या बाजूला घोड्यावर स्वार झालेले दोन तरुण दिसतात. ते कॅस्टर आणि पोलक्स हे जुळे देव. त्यांच्या टोकदार टोप्यांवर तारे असतात आणि घोड्यांच्या टापांखाली 'रोमा' अशी अक्षरं.

प्रजासत्ताकाची नाणी मला साम्राज्याच्या नाण्यांपेक्षा जास्त आवडतात. टांकसाळीवर दरवर्षी तरुण अधिकारी नेमले जात. राजकारणात त्यांचे पाय नुकतेच रोवले जात असत, त्यामुळे हळूहळू त्यांनी नाण्यावर आपल्या घराण्याच्या पराक्रमाच्या गोष्टी कोरायला सुरुवात केली. कुणाच्या पूर्वजाचा स्तंभ दिसतो, तर कुणाच्या कुळाची देवता. पब्लियस लिसिनियस नेर्व्हा या अधिकाऱ्याने इ.स.पू. 113 च्या सुमारास काढलेलं नाणं भिंगाखाली नीट पाहण्यासारखं आहे. मागच्या बाजूला मतदानाचं दृश्य आहे. मतदारांना एकेक करून पार करावा लागणारा अरुंद पूल आहे. एक मतदार खालून कर्मचाऱ्याकडून मतपत्रिकेची पाटी घेतोय, दुसरा पलीकडे ती पेटीत टाकतोय. करंगळीच्या नखाएवढ्या जागेत दोन हजार वर्षांपूर्वीचं मतदान केंद्र अख्खं मावलंय. गुप्त मतदान हा तेव्हा रोममध्ये झगडून मिळवलेला हक्क होता, हे लक्षात ठेवलं की या चित्राचं मोल कळतं.

टायटस कॅरिसियस या अधिकाऱ्याचं इ.स.पू. 46 मधलं नाणंही नव्या माणसाने आवर्जून पाहावं. त्यावर टांकसाळीची अवजारंच कोरली आहेत: ऐरण, सांडशी आणि हातोडा. तापवलेली चांदीची चकती खालच्या ठशावर ठेवायची, वर दुसरा ठसा धरायचा आणि घाव घालायचा. सगळं हाताचं काम. त्यामुळे चित्र एका बाजूला सरकलेलं असणं, कडेची अक्षरं चकतीबाहेर जाणं, कड फाटणं यात काहीच वावगं नाही. अगदी गोल आणि दोन्ही बाजूंनी मधोमध बसलेलं नाणं दुर्मिळ असतं आणि किंमतही तशीच असते.

या काळाच्या शेवटी नाणी एकदम राजकीय होतात. इ.स.पू. 49 मध्ये सीझरने काढलेल्या नाण्यावर हत्ती एका सापासारख्या आकृतीला तुडवतोय आणि खाली फक्त 'सीझर' एवढंच लिहिलंय. इ.स.पू. 44 च्या सुरुवातीला रोमच्या नाण्यावर जिवंत माणसाचा चेहरा पहिल्यांदा उमटला, तोही सीझरचाच, 'तहहयात हुकूमशहा' या बिरुदासह. मार्च उजाडला आणि त्याचा खून झाला. त्यानंतर ब्रूटसने जे नाणं काढलं त्यावर दोन खंजीर आहेत, मध्ये गुलामीतून सुटलेल्या माणसाला घालतात तशी टोपी आणि खाली 'मार्चची इडस' म्हणजे 15 मार्च ही तारीख. हत्येची इतकी उघड कबुली नाण्यावर क्वचितच सापडेल. दुसऱ्या बाजूला मात्र ब्रूटसने स्वतःचाच चेहरा कोरवून घेतला.

नव्या संग्राहकाच्या आवाक्यातलं या काळातलं नाणं म्हणजे मार्क अँटनीचं सैन्यदलाचं नाणं. पुढे ऑगस्टस झालेल्या ऑक्टेव्हियनशी अ‍ॅक्टियमला झालेल्या लढाईआधी, इ.स.पू. 32-31 मध्ये सैनिकांच्या पगारासाठी ही नाणी प्रचंड संख्येने पाडली गेली. एका बाजूला वल्ह्यांचं युद्धजहाज, दुसऱ्या बाजूला दोन निशाणांच्या मध्ये सैन्यदलाचा गरुड आणि दलाचा क्रमांक. चांदी हलकी असल्याने ही नाणी वितळवण्यात किंवा साठवण्यात कुणाला रस नव्हता, त्यामुळे ती दोनशे वर्षांहून अधिक काळ हातोहात फिरत राहिली. आज मिळतात ती बहुतेक गुळगुळीत झालेली. क्रमांक वाचता आला तर नाणं चांगलं समजा.

तिसरी पायरी: कडेची अक्षरं

नव्या लोकांना इथेच धडकी भरते. खरं तर लॅटिन यायची गरज नसते. ठरावीक सात-आठ संक्षेप माहीत असले की काम भागतं. शब्दांमध्ये बहुधा जागा सोडलेली नसते, 'यू' हे अक्षर 'व्ही'सारखं कोरलेलं असतं आणि वाचन सहसा खालच्या डाव्या कोपऱ्यापासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने होतं.

आय-एम-पी म्हणजे इम्पेरातोर, सेनापती. सी-ए-ई-एस म्हणजे सीझर. हे आडनाव पुढे पदवी बनलं. ए-व्ही-जी म्हणजे ऑगस्टस. पी-एम म्हणजे मुख्य धर्माधिकारी. टी-आर-पी म्हणजे लोकप्रतिनिधीचा अधिकार. तो दरवर्षी नव्याने मोजला जाई, म्हणून त्यापुढचा आकडा मिळाला की वर्ष मिळालंच. सी-ओ-एस म्हणजे कॉन्सुल, रोममधलं सर्वोच्च निवडून दिलेलं पद. पुढचा आकडा कितव्यांदा ते सांगतो. शेवटी पी-पी म्हणजे राष्ट्रपिता. आकडे रोमन पद्धतीचे, पण चार बहुतेक वेळा चार उभ्या रेघांनीच लिहिलेला असतो.

आता एक नाणं पूर्ण वाचू. ट्राजनचं घ्या, ते सहज पाहायला मिळतं. चेहऱ्याभोवती क्रमाने येतं: इम्प, ट्रायानो, ऑग, जेर, डाक, मग पी-एम, टी-आर-पी, सी-ओ-एस आणि व्ही, शेवटी पी-पी. 'जेर' म्हणजे जर्मनांवर विजय मिळवणारा, 'डाक' म्हणजे डेशियावर विजय मिळवणारा. डेशिया म्हणजे आजचा रुमेनियाचा भाग, आणि ही पदवी ट्राजनने इ.स. 102 च्या अखेरीस घेतली. कॉन्सुलपद पाचव्यांदा मिळालं 103 मध्ये, सहाव्यांदा 112 मध्ये. म्हणजे नाणं 103 ते 111 या काळातलं. चेहऱ्याकडे ढुंकूनही न पाहता इथवर आलो. मागची बाजू फिरवा. तिथे एस-पी-क्यू-आर आणि 'ओप्टिमो प्रिन्सिपी' असं आहे: सिनेट आणि रोमची जनता, सर्वोत्तम राज्यप्रमुखाला. पुढच्या बाजूला ट्राजनचं नाव चतुर्थीत होतं, 'ट्रायानो', म्हणजे 'ट्राजनला'. दोन्ही बाजू मिळून एकच वाक्य होतं आणि ते पूर्ण वाचायला नाणं उलटावं लागतं. या मालिकेत मागे पुष्कळ वेगवेगळी चित्रं आहेत. शस्त्रांच्या ढिगावर हनुवटीला हात लावून बसलेला डेशियन कैदी त्यातलाच एक. अरबस्तान साम्राज्याला जोडल्यावर पायाशी उंट घेऊन उभी असलेली स्त्री आली, तीही याच मालिकेतली.

एका फसगतीपासून सांभाळा. 'अँटोनिनस' हे नाव दिसलं तर लगेच निष्कर्ष काढू नका. अँटोनिनस पायस, मार्कस ऑरेलियस, कॅराकल्ला आणि एलागाबालस हे चौघेही नाण्यांवर हे नाव लावतात. तिथे बाकीच्या पदव्या, वजन आणि कस पाहूनच निवाडा करावा लागतो. एलागाबालसच्या बऱ्याच नाण्यांवर मोकळ्या जागेत एक तारा असतो, तो शोधा.

चौथी पायरी: हातात काय आहे?

आपण देवळात मूर्ती ओळखतो ती आयुधांवरून. शंख-चक्र दिसलं की विष्णू, त्रिशूळ-डमरू दिसला की शंकर. चेहरा झिजलेला असला तरी अडत नाही. रोमन नाण्याची मागची बाजू अगदी तशीच वाचायची. साम्राज्याच्या काळात तिथे बहुतेक वेळा एक स्त्री उभी किंवा बसलेली असते. शांतता, समृद्धी, निष्ठा असे गुणच देवतारूपात कोरलेले असतात. नाव कडेला लिहिलेलं असतं, पण पुसलेलं असलं तरी हातातली वस्तू सांगते.

तराजू असेल तर न्याय्य व्यवहाराची देवता एक्विटास किंवा टांकसाळीची मोनेटा. सुकाणू असेल तर फोर्टुना, नशीब. ऑलिव्हची फांदी म्हणजे पॅक्स, शांतता. वाटीतून सापाला खाऊ घालणारी सालुस, आरोग्य. फूल धरून दुसऱ्या हाताने वस्त्राचा घोळ उचलणारी स्पेस, आशा. धान्याच्या कणसांसह मापटं असेल तर अनोना, रोमला होणारा धान्यपुरवठा. चेहऱ्यावरून पदर ओढणारी पुडिसिटिया, शालीनता. ही सम्राज्ञींच्या नाण्यांवर वारंवार येते. हातात मोजणीची पाटी असेल तर लिबरालिटास, म्हणजे सम्राटाने लोकांना पैसे वाटले असा त्याचा अर्थ. फळाफुलांनी भरलेलं शिंग मात्र निम्म्या देवतांच्या हातात असतं, त्यावरून काही ठरवू नका. दुसरा हात पाहा.

या चित्रांकडे जाहिरात म्हणून पाहायला शिका. 'सैन्याची एकजूट' असं कोरलेलं नाणं निघालं की सैन्यात फूट पडली असण्याची किंवा पडेल अशी भीती असण्याची शक्यता मोठी. इ.स. 69 च्या यादवीनंतर सत्तेवर आलेल्या व्हेस्पाशियनने ज्यूडियाच्या युद्धातली विजयचिन्हं आणि खाली बसून शोक करणारी स्त्री दाखवणारी नाणी काढली. नव्या घराण्याला रोममध्ये पाय रोवायला बाहेरचा विजय हवा होता. पराभूतांच्या दुःखाचं असं चित्र सगळ्या बाजारांत फिरलं, ही गोष्ट ते नाणं हातात घेताना विसरता येत नाही.

याउलट हेड्रियनची प्रांतांची मालिका. हा सम्राट साम्राज्यभर फिरला आणि 130 नंतर त्याने एकेका प्रांताला मानाने नाण्यावर बसवलं. इजिप्तच्या हातात सिस्ट्रम हे वाद्य आणि पुढे आयबिस पक्षी, आफ्रिकेच्या डोक्यावर हत्तीच्या सोंडेचा टोप, स्पेनच्या हातात ऑलिव्हची फांदी आणि बाजूला चिमुकला ससा. एकच मालिका जमवायची असेल तर मी ही सुचवेन. घाईने पूर्ण होत नाही, पण प्रत्येक नाण्यापाशी एक देश कळतो.

मृत्यूनंतर देवत्व दिलेल्यांची खूणही लक्षात ठेवा. नावाआधी 'दिवुस' किंवा स्त्रीसाठी 'दिवा' असतं. मागे सम्राटासाठी गरुड किंवा चिता, सम्राज्ञीसाठी बऱ्याचदा मोर.

आता चेहरा

एवढं झालं की चेहरा पाहा, आणि पुरुषांच्या बाबतीत मिशीदाढी, स्त्रियांच्या बाबतीत केशरचना पाहा. अँटोनिनस पायसची राणी थोरली फॉस्टिना हिचा अंबाडा डोक्याच्या वर बांधलेला असतो, तिच्या मुलीचा बहुधा मानेजवळ. सेप्टिमियस सेव्हेरसची राणी ज्युलिया डोम्ना हिचे लाटालाटांचे जाड केस एकदा पाहिले की विसरत नाहीत. मग इंटरनेटवरची ओसीआरई ही सूची उघडा. प्रजासत्ताकासाठी सीआरआरओ आहे. दोन्ही अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीने चालवलेल्या आणि मोफत. जेवढी अक्षरं वाचता आली तेवढी टाका, चित्राचं वर्णन टाका आणि फोटो जुळवा.

खोटं नाणं

ओतीव नकलेच्या कडेवर साच्याची शिवण दिसते किंवा ती घासून काढल्याच्या खुणा दिसतात. पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे असतात, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गोल झालेल्या असतात. एकसारखीच चीर, एकसारखाच सरकलेला ठसा असलेली दोन नाणी दिसली तर दोन्ही एका साच्यातली. सराफाकडच्या कॅरेट मशीनवर विसंबू नका. ते वरच्या थराचा कस सांगतं, आणि जुन्या नाण्याचा वरचा थर आतल्यापेक्षा जास्त चांदीचा असू शकतो.

खोटी नाणी रोमन काळातही होती. तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पत्रा चढवून ठसा मारत. झीज झाली की नाक, गाल अशा उंच भागांवरून हिरवट तांबं डोकावतं. अशी नाणी बनावट असली तरी अस्सल प्राचीन आहेत आणि अभ्यासासाठी मोलाची. काही दिनारियसांच्या कडा करवतीसारख्या कातरलेल्या असतात. जर्मन टोळ्यांना अशीच नाणी पसंत होती असं रोमन इतिहासकार टॅसिटसने लिहून ठेवलंय. आत तांबं नाही हे दाखवायला कड कातरत असावेत असा तर्क केला जातो, पण कातरलेल्या कडेची पत्रा चढवलेली नाणीही सापडली आहेत.

भारतात सापडलेली नाणी आणि कायदा

भडोच बंदरात सोन्याचांदीचे दिनारियस स्थानिक पैशांशी बदलले तर फायदा होतो, असं 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासी पुस्तिकेत नोंदलेलं आहे. पैठण आणि तेरचा माल गाड्यांतून त्याच बंदरात जाई. तमिळनाडू, आंध्र आणि तेलंगणात सापडलेल्या चांदीच्या साठ्यांत दोन नाणी पुन्हा पुन्हा येतात. एक ऑगस्टसचं: मागे त्याने दत्तक घेतलेले नातू गायस आणि लुसियस, मध्ये ढाली आणि भाले. दुसरं टायबेरियसचं: मागे हातात फांदी घेऊन बसलेली स्त्री. काहींवर छोटे ठसे किंवा छिन्नीचे घाव आहेत. काही तर इथेच केलेल्या नकला आहेत, आणि त्यांवरची अक्षरं नुसत्या रेघोट्या होऊन बसली आहेत.

महाराष्ट्रात रोमन चांदी तुलनेने कमी मिळते. ती वितळवून पश्चिम भारतातल्या क्षत्रप राजांनी आपली नाणी पाडली असावीत, असं काही अभ्यासक मानतात. 1906 मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी इथे नहपान या क्षत्रप राजाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता. नहपानाच्या चेहऱ्याभोवती ग्रीक लिपीतली अक्षरं फिरतात. वर सांगितलेला वाचनाचा क्रम तिथेही लागू पडतो.

शेतात, नदीकाठी किंवा घराचा पाया खणताना नाणी सापडली तर 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं हा पुरावशेष ठरतो. त्याचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी राहणाऱ्यांनी सुट्टीत घेतलेलं नाणं सामानात टाकण्याआधी हे लक्षात घ्यावं.

विकत घेताना पावती आणि आधीच्या मालकीची नोंद मागा. ब्रूटसचं खंजिरांचं सोन्यातलं एक नाणं 2020 मध्ये लंडनच्या लिलावात विक्रमी किमतीला गेलं. त्याचा मालकीचा इतिहास बनावट असल्याचं नंतर उघड झालं आणि 2023 मध्ये ते ग्रीसला परत करावं लागलं. सुरुवात करायला सेप्टिमियस सेव्हेरस, ज्युलिया डोम्ना किंवा अँटोनिनस पायस यांचे दिनारियस बरे. संख्येने भरपूर, त्यामानाने स्वस्त आणि अक्षरं वाचता येतील असे. विकत न घेताही शिकता येतं. रोमन नाण्यांसाठी चेन्नईचं एग्मोरचं सरकारी संग्रहालय पाहा. नाशिकजवळ अंजनेरीची नाणेशास्त्र संशोधन संस्था आणि मुंबईत रिझर्व्ह बँकेचं संग्रहालय आपल्या जवळचं.

आणि नाणं घासू नका. घरची चांदीची भांडी आपण रांगोळीने, टूथपेस्टने लखलखीत करतो. तो हात नाण्याला लावला तर बारीक अक्षरं आणि काळसर झाक दोन्ही जातात, आणि नाण्याची किंमतही. जुनी चांदी ठिसूळ झालेली असू शकते, टेबलावर पडली तरी तुकडा उडतो. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवाल तर हिरवा चिकट थर धरतो. कागदी पाकीट किंवा पीव्हीसी नसलेलं प्लॅस्टिक वापरा. पाकिटावर वजन, व्यास, वाचलेली अक्षरं, मागचं चित्र, कुठून आणि कधी घेतलं एवढं लिहा. जे अक्षर वाचता आलं नाही त्या जागी टिंब द्या, अंदाजाने भरू नका.